गप्पांच्या पुस्तिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही देवगड, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या पट्ट्यातली डिझाइनचं काम करणारी माणसं. कुणी बोर्ड रंगवतं, कुणी लग्नपत्रिका करतं, कुणी आंब्याच्या पेटीवरची लेबलं, कुणी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना, चालवतं, कुणी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कामं घरी बसून करतं. फोनवरच्या ग्रुपमध्ये आमच्या गप्पा चालतात आणि त्यातल्या काही गप्पांच्या आम्ही छोट्या छापील पुस्तिका काढतो. कुडाळला बाजारात भेटणाऱ्यापासून मुंबईहून फोन करणाऱ्यापर्यंत सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली.

सगळं फोनमध्ये आहेच. मग कागद कशाला?

पहिली पुस्तिका कशी निघाली ते सांगतो, त्यात उत्तर आहे. एका मुलीने रात्री ग्रुपवर विचारलं होतं, की होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव रंगवताना शिरोरेषा आधी मारायची की अक्षरं झाल्यावर? त्यावर दोन दिवस चर्चा झाली. वेंगुर्ल्याच्या एका काकांनी चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. नाळेची फळी वाकडी असते, त्यामुळे खडू लावलेला दोरा ताणून सरळ रेघ मारली, तर ती लांबून खाली घसरलेली दिसते. रेघ फळीच्या वाकाबरोबर न्यायची आणि अक्षरं तिला टांगायची, तीही उभी, फळीबरोबर कललेली नाहीत. पुढे ते म्हणाले, “अक्षर लांबसून वाचूक येवक व्हया. जवळसून सगळीच बरी दिसतत.”

आठ महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी तोच प्रश्न विचारला. काकांचा निरोप कुणालाच सापडेना. एकाने फोन बदलला होता, एकाने जागा मोकळी करायला सगळं पुसलं होतं, आणि ज्याच्याकडे निरोप दिसत होता त्याच्याकडे तो उघडेना. चाळीस वर्षांच्या हाताचं ज्ञान आठ महिन्यांत गेलं. काका हयात आहेत, म्हणून आम्ही वेंगुर्ल्याला जाऊन पुन्हा विचारलं आणि या वेळी लिहून घेतलं.

दुसरं कारण तितकंच मोठं आहे. ज्यांच्या कामाबद्दल आम्ही बोलतो, त्यांतले कित्येक जण ग्रुपवर नाहीतच. छापखान्यातला कटिंग करणारा माणूस, होड्या बांधणारे सुतार, साधा फोन वापरणारे पेंटर. पुस्तिका त्यांच्या हातात देता येते.

कुठल्या गप्पा छापायच्या हे कसं ठरवता?

तोच प्रश्न ग्रुपवर दुसऱ्यांदा आला, की तो विषय पुस्तिकेच्या यादीत जातो. एवढी एकच कसोटी आहे. खूप रंगलेल्या गप्पांची नेहमी चांगली पुस्तिका होतेच असं नाही. कधी कधी सात-आठ निरोपांची शांत देवाणघेवाण सोळा पानांना पुरते.

लोकांची परवानगी घेता का? कशी?

घेतो, आणि पुस्तिकेच्या कामातला सर्वांत जास्त वेळ याच्यात जातो. तो वाचवू नका.

माणसाने जे लिहिलं ते त्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणेही ते त्याचंच आहे. ग्रुपवर चार मित्रांना सांगितलं म्हणजे छापायला परवानगी दिली, असा अर्थ होत नाही. पण आमच्यासाठी कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट अशी, की माणूस रात्री अकराला अंथरुणात पडून बोलतो तेव्हा तो छापील पानासाठी बोलत नसतो. त्याला पुन्हा विचार करायची संधी मिळाली पाहिजे.

म्हणून आम्ही प्रत्येकाचा मजकूर साध्या कागदावर मोठ्या अक्षरात छापतो आणि शक्य असेल तर स्वतः नेऊन देतो. ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांना वाचून दाखवतो. माणूस वाचतो, गप्प बसतो, आणि मग म्हणतो, “हे मी असं म्हटलं खरं, पण त्यात एक गोष्ट राहिली.” ती राहिलेली गोष्ट बहुतेक वेळा मूळ निरोपापेक्षा मोलाची असते. वेंगुर्ल्याच्या काकांनी कागद वाचून झाल्यावर आतून आपला ब्रश आणला आणि नवा ब्रश पहिल्यांदा वापरण्यापूर्वी त्याचे केस कसे बसवायचे ते दाखवलं. ग्रुपवर हे कधी आलंच नसतं, कारण ते त्यांना सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

एकदा अवघड प्रसंग आला. एका सभासदाने दुसऱ्याच्या बोधचिन्हावर फार टोचून लिहिलं होतं. ज्याला टोचलं तो म्हणाला, छापा, मला त्याने फायदा झाला. ज्याने लिहिलं तो म्हणाला, काढा, मला लाज वाटते. आम्ही काढलं. शब्द ज्याचे, शेवटचा निर्णय त्याचा. हा नियम त्या दिवसापासून पक्का झाला.

नाव कसं द्यायचं तेही माणूसच ठरवतो: पूर्ण नाव, नुसतं पहिलं नाव, किंवा “मालवणचा एक मूर्तिकार”. ग्रुप सोडून गेलेल्यांनाही विचारावं लागतं. माणूस गेला असेल तर घरच्यांना.

मजकुरात किती काटछाट करता?

भरपूर. दोनशे निरोपांतून हजार-बाराशे शब्द उरतात. हात जोडलेले, अंगठे, “हो ना”, “बरोबर दादा” हे सगळं जातं. आवाजी निरोप ऐकून लिहून काढावे लागतात. चार मिनिटांच्या निरोपाला अर्धा तास धरा.

वाक्य आखूड करायला हरकत नाही, पण त्याचा कल बदलायचा नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवायचं नाही, कितीही शोभत असलं तरी. आणि मतभेद मिटवायचे नाहीत. शिरोरेषेच्या पुस्तिकेत दोन पेंटरांनी काकांच्या अगदी उलट सांगितलंय, की अक्षरं आधी, रेघ शेवटी, म्हणजे अक्षरांमधली अंतरं रेघेच्या आधी दुरुस्त करता येतात. दोन्हीकडच्यांची बोटं रंगलेली आहेत, दोन्हीकडच्यांचे बोर्ड सुरेख आहेत. कोण बरोबर हे आम्ही ठरवलं नाही. वाचणारा ब्रश हातात घेऊन ठरवील.

मालवणी तशीच ठेवता की प्रमाण मराठीत आणता?

तशीच ठेवतो. घाईत टाइप करताना झालेल्या शुद्धलेखनाच्या चुका सुधारतो. बोली ही चूक नव्हे, तिला हात लावत नाही. “लांबसून” चं “लांबून” केलं की काकांचा आवाज जातो.

रत्नागिरीकडच्या आणि घाटावरच्या वाचकांना काही शब्द अडतात, हे खरं. त्यावर आमच्यातल्या एका ताईने सुचवलं, की पानाचे दोन स्तंभ करू, एकीकडे मालवणी, एकीकडे प्रमाण मराठी. तिने उदाहरण दिलं ‘दर्पण’चं. बाळशास्त्री जांभेकर आमच्याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी सुरू केलेल्या पहिल्या मराठी वृत्तपत्रात एक स्तंभ इंग्रजीचा आणि शेजारी एक मराठीचा असे. आम्ही करून पाहिलं. मोठ्या पानावर ते छान दिसतं, तळहाताएवढ्या पानावर एका ओळीत तीनच शब्द मावतात. मग अडणाऱ्या शब्दाचा अर्थ त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात द्यायला लागलो.

आकार केवढा? पानं किती?

आकार ए-सिक्स, म्हणजे १०५ गुणिले १४८ मिलिमीटर. आरतीसंग्रह डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे घराघरात, भजनीबुवांच्या पिशवीत, देवळाच्या कोनाड्यात तो असतो, कारण तो खिशात जातो आणि एका हाताने उघडतो. पेंटरच्या दुसऱ्या हातात ब्रश असतो.

पानं सोळा. मध्यभागी टाचायच्या पुस्तिकेत पानांची संख्या चारच्या पटीतच हवी. कागद एकदा घडी केला की त्याची चार पानं होतात, चौदा किंवा अठरा पानं बसवता येत नाहीत. सोळाचा हिशेब सोयीचा यासाठी, की ए-थ्री कागदाच्या एका बाजूला ए-सिक्सची आठ पानं बसतात, दोन्ही बाजूंना मिळून सोळा. एक कागद, एक पुस्तिका, वर मुखपृष्ठ. शंभर प्रतींना आतले शंभर ए-थ्री कागद लागतात, वाया जाणारे चार-पाच वेगळे धरायचे.

पानं लावताना गोंधळ होतो, त्यासाठी एक खूण लक्षात ठेवा: शेजारी-शेजारी छापल्या जाणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त येते. सोळा पानांत १६ आणि १, २ आणि १५, ८ आणि ९. बेरीज सतरा आली नाही, तर कुठेतरी चुकलंय. तरीही छापायला देण्यापूर्वी कोऱ्या कागदाची घडी घालून, पेन्सिलीने क्रमांक टाकून नमुना करा. आम्ही अजूनही दर वेळी करतो.

एका पानावर शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा जास्त घालू नका, आणि एका पानावर एकच मुद्दा ठेवा. हे आम्ही पिंगुळीला शिकलो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. एका कथेची सगळी सुटी चित्रं एकत्र बांधून ठेवतात, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि त्या चित्रापुरतीच कथा गातो. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. चित्र बदललं की कथा पुढे सरकते. पान उलटलं की आमच्या गप्पा पुढे सरकाव्यात, एवढाच प्रयत्न असतो.

फाँट कोणता वापरता?

मुक्त परवान्याचे, म्हणजे विनाशुल्क वापरता येणारे, आणि युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मजकूर तसाच राहील असे फाँट. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ आणि ‘टायरो देवनागरी मराठी’ हे दोन आमच्या नेहमीच्या वापरातले. टायरोत मराठी वळणाचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मिळतो. शासनानेही मराठीसाठी हीच वळणं धरली आहेत. शाळेत पाटीवर गिरवलेला ल छापील पानावर भेटला की वाचणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटतं.

अक्षर अकरा पॉइंटांपेक्षा लहान नको, आणि एका ओळीच्या शिरोरेषेपासून पुढच्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत सोळा पॉइंटांचं अंतर तरी हवं. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार: देवनागरीला दोन्ही बाजूंना जागा लागते.

आता एक नुकसान सांगतो. आमची दुसरी पुस्तिका एका छापखान्यात दिली. तिथे जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये काम चालत होतं. त्यांनी आमचा मजकूर त्यात बदलून घेतला आणि आम्ही पुन्हा प्रूफ मागितलं नाही. दोनशे प्रती आल्या. सातव्या पानावर “किनाऱ्यावर” च्या जागी “किनार्यावर”. चंद्रकोरीसारखा अर्धा र जिथे जिथे होता तिथे तिथे डोक्यावर रफार चढला होता. कुणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडतं? दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या, आणि दर्या म्हणजे हा समोर पसरलेला समुद्र. एका अर्ध्या अक्षराने डोंगर आणि समुद्र यांची अदलाबदल होते. अक्षरांविषयीच्या पुस्तिकेत ही चूक आम्हाला फार लागली. दोनशे प्रतींत हाताने दुरुस्तीपत्र घातलं.

तेव्हापासून छापखान्यात फाँट आत भरलेली पीडीएफच जाते, मजकुराची फाइल नाही. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडला आहे ना ते पाहा, नाहीतर वेलांट्या भलत्या जागी पडतात आणि जोडाक्षरं सुटतात. पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायचं नसेल तर लिबरऑफिस रायटरमध्ये देवनागरी नीट उमटते आणि छापताना ‘ब्रोशर’ निवडला की पानं तोच लावून देतो. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा किंचित हलला की बारीक अक्षराच्या कडा फुटतात.

कोकणच्या पावसात कागद टिकतो का?

टिकतो, पण त्याची काळजी वेगळी. जून ते सप्टेंबर हवेतली ओल कागद पितो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. म्हणून कागदाचे तंतू पुस्तिकेच्या कण्याला समांतर हवेत. आडवे असले तर घडी फुटते, आणि पुस्तिका उघडीच राहते. ओळखायचं कसं? कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज वाकतो त्या दिशेची घडी चांगली बसते. रिम आधी फोडून ठेवू नका, छापायच्या दिवशीच फोडा.

आत ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे न चमकणारा छपाईचा कागद, मुखपृष्ठाला २०० च्या आसपासचं जाड कार्ड. चकचकीत आर्ट पेपर आम्ही सोडला. दिव्याखाली तो चमकतो, आणि त्यावर पेन्सिल चालत नाही.

सगळ्यात मोठा धडा पिनांचा. पहिल्या पुस्तिकेला मध्यभागी दोन पिना मारल्या होत्या. एक पावसाळा गेला आणि मधल्या पानांवर तांबूस डाग उतरले, काही प्रतींच्या पिना बोटाने तुटल्या. खाऱ्या हवेपुढे साध्या लोखंडी पिनेचं काही चालत नाही. आता दोऱ्याने शिवतो. घडीवर सारख्या अंतरावर तीन भोकं, मधल्या भोकातून सुई आत, वरच्यातून बाहेर, सरळ खाली येऊन तिसऱ्यातून आत, परत मधल्यातून बाहेर, आणि लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं घेऊन गाठ. दोरा गोधडी शिवायचा, त्यावर मेणबत्ती एकदा ओढून घेतलेला. हात बसला की एका पुस्तिकेला दोन मिनिटं लागतात. चार-पाच जण पडवीत बसलो की एका दुपारी शंभर होतात, आणि शिवताना ज्या गप्पा होतात त्या वेगळ्याच.

गठ्ठे जमिनीवर ठेवू नका, वाळवी लागते. भिंतीलाही टेकवू नका. जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते.

छापखान्यात कधी जावं?

एप्रिल-मे लग्नपत्रिका आणि आंब्याच्या लेबलांचा, श्रावण-भाद्रपद वर्गणीच्या पावत्यांचा हंगाम. त्या गर्दीत आपलं छोटं काम मागे पडतं, आणि ते साहजिक आहे. दिवाळी उरकल्यावर जा. हवा कोरडी असते आणि मशीनवरच्या माणसाला बोलायला सवड असते. त्याच्याशी बोला. कटिंगला तीन मिलिमीटर जागा सोडा हे आम्हाला कुठल्या वर्गात नाही, मशीनशेजारी उभं राहून कळलं.

किती प्रती काढाव्या?

शंभर-दीडशेपर्यंत डिजिटल, म्हणजे फाइलवरून थेट छपाई. ऑफसेट, म्हणजे प्लेट बनवून केलेली छपाई. तिला प्लेटचा खर्च एकदाच, पण आधीच येतो. प्रती वाढतील तसा तो वाटला जातो. चार-पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडू लागतं. दोन्ही भाव मागून घ्या आणि घरात किती गठ्ठे कोरडे राहतील याचाही विचार करा.

आयएसबीएन लागतो का? नोंदणी?

पुस्तिका काढायला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, सक्तीचा नाही. हवा असेल तर राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून तो विनाशुल्क मिळतो. ग्रंथालयांत आणि दुकानांत ठेवायची असेल तर घ्यावा. १९५४ चा एक केंद्रीय कायदा मात्र थोड्यांना माहीत असतो: प्रकाशकाने प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांत पाठवायची असते. पुस्तिकाही त्यात येतात. मालवणी बोलणाऱ्या एका पेंटरचे शब्द कोलकात्याच्या कपाटात जपले जातात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मलपृष्ठावर प्रकाशक, मुद्रक, ठिकाण आणि साल घालायला विसरू नका.

किंमत ठेवता का?

कागद-छपाईचा खर्च निघेल एवढी. ज्यांचे शब्द आत आहेत त्यांना प्रत्येकी पाच प्रती, त्याचे पैसे नाहीत.

मला एकट्याला सुरुवात करायची आहे. सर्वांत सोपं काय?

एक ए-फोर कागद घ्या. घड्या घालून त्याचे आठ समान चौकोन करा, मधल्या लांब घडीवर मधल्या दोन चौकोनांपुरता एकच काप द्या, आणि कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकांनी आत ढकला. आठ पानांची छोटी पुस्तिका तयार होते, पिन नाही, दोरा नाही. छपाई कागदाच्या एकाच बाजूला, म्हणजे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही होते. त्यात एक प्रश्न आणि त्याची तीन माणसांची तीन उत्तरं घाला. तिघांना नेऊन द्या.

तुमच्या पुस्तिकेचं शेवटचं पान कोरं का असतं?

वाचणाऱ्यासाठी. तिथे लिहून प्रत आम्हाला परत द्या, बदल्यात दुसरी न्या. परत आलेल्या प्रती आम्ही एका पत्र्याच्या पेटीत ठेवतो. शिरोरेषेच्या पुस्तिकेची एक प्रत देवगडहून आली, तिच्या कोऱ्या पानावर निळ्या ऑइल पेंटचा अंगठा होता आणि पेन्सिलीने काढलेला एक ळ. त्याच्या दोन गाठींच्या मधे बाण काढून लिहिलं होतं, “हय रंग साचता. ह्याच्यार कोण बोलूक नाय.” तिसऱ्या पुस्तिकेचा विषय ळ आहे.